अबोल मेनू आणि दुसरी सिस्टीम

एका संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टीम ठेवण्याला ड्युअल बूट म्हणतात. हार्ड डिस्कचे भाग पाडायचे, एका भागात समजा विंडोज आणि दुसऱ्यात लिनक्स बसवायचे. मग संगणक सुरू केला की आधी एक छोटी यादी समोर येते. बाणाच्या बटणाने हवी ती ओळ गाठून एंटर दाबायचे. डोळस माणसाचे हे पाच सेकंदांचे काम. अंध माणसाचे घोडे नेमके याच पाच सेकंदांत अडते. पडद्यावरचा मजकूर आवाजात किंवा ब्रेलमध्ये सांगणारा स्क्रीन रीडर स्वतः एखाद्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या आत राहतो. कोणती सिस्टीम सुरू करायची हे विचारले जाते तेव्हा कुठलीच सिस्टीम सुरू झालेली नसते, त्यामुळे तो प्रश्न वाचून दाखवायलाही कोणी नसते. अंध वापरकर्त्यांनी दुसरी सिस्टीम कशी वापरली याचा इतिहास बराचसा या अबोल यादीला वळसा घालण्याचा इतिहास आहे.

१९८० च्या दशकात आयबीएम पीसी आणि डॉस घरोघरी आणि कचेरीत पोचले, तेव्हा हा प्रश्न फारसा जाणवत नव्हता. डॉसचा पडदा म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळी, एकूण २,००० अक्षरे. ही अक्षरे संगणकाच्या स्मृतीत एका ठरलेल्या जागी ओळीने मांडलेली असत. स्क्रीन रीडर त्या जागेवर नजर ठेवी आणि तिथे आलेले अक्षर सीरियल केबलने जोडलेल्या सिंथेसायझरकडे पाठवी. सिंथेसायझर म्हणजे स्वतःचा स्पीकर असलेली बोलणारी पेटी. मोटारसायकल शर्यतीत उतरणारे टेड हेंटर १९७८ मध्ये अपघातात दृष्टी गमावून बसले. त्यांच्या कंपनीने डॉससाठी जॉज हा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये आणला. आयबीएममध्ये जिम थॅचर यांनी आपले अंध सहकारी जेसी राइट यांच्या गरजेतून स्क्रीन रीडर लिहिला. त्याच्याच पुढच्या पिढीने ओएस/२ या आयबीएमच्या चित्रमय सिस्टीमला वाचा दिली. पीसीवरची चित्रमय सिस्टीम वाचून दाखवणाऱ्या पहिल्या प्रोग्रामांत त्याची गणना होते. स्क्रीन रीडर हा शब्द आज सगळ्या जातीच्या प्रोग्रामांना लागतो, पण आयबीएमने तो आपल्या या उत्पादनाचे नाव म्हणूनच वापरला होता.

पहिली अडचण डॉसनेच आणली. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये सुरुवातीलाच पर्यायांची यादी दाखवायची सोय आली. एका पर्यायात नेटवर्क, दुसऱ्यात जास्त मोकळी स्मृती, अशा वेगवेगळ्या मांडण्या त्यातून निवडता येत. ही यादी स्क्रीन रीडर चढण्याआधी दिसे. मात्र तिच्यात ठराविक सेकंदांनी आपोआप घ्यायचा पर्याय नेमून देता येई. मनाजोगता पर्याय आधीच नेमून ठेवायचा आणि यादीला हातच लावायचा नाही, ही युक्ती इथे रुजली. पुढे तिचीच नाना रूपे झाली.

चित्रमय विंडोज आली तेव्हा डॉसच अंध वापरकर्त्याची दुसरी सिस्टीम ठरली. खिडक्या, चिन्हे आणि माऊस यांच्या जगात स्मृतीतल्या ठरलेल्या जागी अक्षरे नसतात, ठिपके असतात. विंडोजचे स्क्रीन रीडर त्यामुळे फार कष्टाने आणि उशिरा उभे राहिले. जॉजची विंडोजसाठीची आवृत्ती १९९५ ची. त्यानंतरही पुष्कळांनी विंडोज ९५ मधल्या एमएसडॉस.सिस या फाइलीत बूटजीयूआय या नावापुढे शून्य लिहून ठेवले. तेवढ्याने संगणक थेट विंडोजमध्ये न जाता डॉसच्या ओळीवर थांबे. तिथे ओळखीचा आवाज बोलू लागे, रोजचे लिखाण तिथे होई, आणि विंडोज हवीच असेल तर तीन अक्षरे टाइप करून एंटर दाबला की झाले. निवड बोलत्या जागेवरून होत असल्याने मध्ये अबोल पडदा येतच नसे. २००० मध्ये आलेल्या विंडोज एमईने डॉसमध्ये थांबण्याची ही वाट बंद केली. डोळस वापरकर्त्यांच्या ते फारसे लक्षातही आले नाही. डॉसवर हात बसलेल्या अंध माणसांचा मात्र जुना आधार गेला.

लिनक्सकडे अंध प्रोग्रामर वळले याची कारणे साधी होती. पैसे पडत नव्हते, सी भाषेचा कंपायलर आणि इंटरनेटची अवजारे आत होती, आणि सगळा कारभार अक्षरी पडद्यावर चाले. लिनक्सचे कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, अक्षरी पडद्यावरचा मजकूर डेव्ह या डिरेक्टरीतल्या व्हीसीएस नावाच्या खास फाइलींतून वाचू देते. त्या वाचून ब्रेल डिस्प्लेवर उमटवणारा बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम निखिल नायर यांनी १९९५ मध्ये सुरू केला. पुढे डेव्ह मिल्के यांनी तो वर्षानुवर्षे सांभाळला.

त्याच वर्षी आलेल्या इमॅकस्पीकचे नाते महाराष्ट्राशी आहे. त्याचे कर्ते टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी आणि मुंबईच्या आयआयटीतून पुढचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. गणिती मजकूर ऐकवणाऱ्या प्रणालीवर त्यांनी तिथे प्रबंध लिहिला. स्क्रीन रीडर पडद्यावर जे दिसते ते वाचतो. रामन यांनी पडदा मध्ये आणायचेच नाकारले. इमॅक्स या संपादकाला स्वतःच्या आत काय चालले आहे हे ठाऊक असते, मग त्यानेच ते बोलावे, असा त्यांचा विचार. कॅलेंडरमधली तारीख पडद्यावर नुसता एक आकडा असते. इमॅकस्पीक तिथे वार, महिना आणि साल म्हणतो. पत्र वाचणे, प्रोग्राम लिहिणे, फाइली हलवणे हे सगळे इमॅक्समध्ये होत असल्याने या एका प्रोग्रामच्या बळावर लिनक्स ही पुरती बोलती सिस्टीम झाली.

तरी लिनक्सपर्यंत पोचायचे कसे, हा प्रश्न होताच. त्याला पहिले चांगले उत्तर लोडलिनने दिले. हा डॉसमधून चालणारा छोटा प्रोग्राम. बोलत्या डॉसमध्ये लोडलिनची आज्ञा टाइप केली की डॉस बाजूला होई आणि त्याच्या जागी लिनक्स उभे राही. यादी नाही, बाणाची बटणे नाहीत, एक ऐकू येणारी आज्ञा. झिपस्पीक या लहानशा लिनक्सने २००० च्या सुमारास हीच वाट आणखी सोपी केली. ते डॉसच्याच डिस्कवर एका डिरेक्टरीत उलगडून ठेवता येई. पार्टिशन पाडायला नको, म्हणजे आवाज नसलेल्या साधनाने डिस्कला हात लावायची धास्तीही नको. ही धास्ती खरी होती. पार्टिशनच्या पडद्यावर एक ओळ चुकली तर आयुष्यभराचे लिखाण पुसले जाई, आणि पुसले गेले हे सांगणारा आवाजही नसे.

झिपस्पीकचा आवाज होता स्पीकअपचा. कॅनडातले कर्क रायझर आणि त्यांच्या सोबत्यांनी घडवलेला हा स्क्रीन रीडर थेट लिनक्सच्या कर्नलमध्ये बसतो. सिंथेसायझरची पेटी सीरियल केबलने जोडलेली असली की कर्नल जागे होतानाच्या ओळीदेखील ऐकू येतात. डिस्क सापडली, नेटवर्क कार्ड ओळखले गेले, एखादी फाइल सापडली नाही, असे सगळे. सिस्टीम मध्येच अडकली तर कुठे अडकली हे अंध माणसाला स्वतःला कळे. डोळस तंत्रज्ञाला जे आपसूक मिळते ते पहिल्यांदा हाती आले होते. त्याआधीची शांतता आता बायोस हा संगणकातला मूळ प्रोग्राम आणि सिस्टीम सुरू करून देणारा बूट लोडर एवढ्यांपुरतीच उरली. लिलो आणि ग्रब हे दोन्ही बूट लोडर आपला मजकूर सीरियल पोर्टवर पाठवू शकत, म्हणून केबल असलेल्याने ती शांतताही काही अंशी भरून काढली. लिलोची तर आणखी एक चांगली गोष्ट होती. त्याला यादी लागतच नसे. थोडे थांबायचे, लिनक्स किंवा डॉस हे नाव टाइप करायचे, एंटर दाबायचा. नाव पाठ असले की पडदा दिसण्या-न दिसण्याने काही बिघडत नसे.

इथून पुढे एक उलटी गोष्ट घडली. साउंड कार्डे स्वस्त झाली, प्रोसेसर वेगवान झाले, आणि महागड्या पेटीऐवजी प्रोग्रामच बोलू लागला. जोनाथन डडिंग्टन यांचा ईस्पीक हा मुक्त बोलणारा प्रोग्राम लवकरच जगभर पसरला, त्यात पुढे मराठीही आली. हजारो रुपयांच्या पेटीचे काम फुकटात होऊ लागले, ही फार मोठी सोय झाली. पण प्रोग्रामला बोलायला साउंड कार्डाचा ड्रायव्हर हवा, फाइल-व्यवस्था हवी, जवळजवळ सगळी सिस्टीम उठलेली हवी. म्हणजे आवाज स्वस्त झाला आणि उशिरा येऊ लागला. सीरियल पोर्ट लॅपटॉपवरून हद्दपार झाले, तेव्हा शांतता पुन्हा लांबली.

विंडोजच्या बाजूला वेगळी अडचण होती. विंडोज चालू झाली की जॉज, विंडो-आइज, २००६ पासून ऑस्ट्रेलियात मायकेल करन आणि जेम्स तेह यांनी वाढवलेला फुकट एनव्हीडीए, अशी सोय भरपूर. विंडोज बसवताना मात्र निळा पडदा आणि गप्प बसलेला संगणक. जाणत्यांनी यावर उत्तर-फाइलीचा उपाय केला. बसवणारा प्रोग्राम जे जे विचारणार त्याची उत्तरे आधीच एका फाइलीत लिहून डिस्कवर ठेवायची, म्हणजे तो कुणाला काही विचारतच नाही. एक्सपीच्या काळात ही फाइल विनएनटी.सिफ होती, व्हिस्टापासून ऑटोअनअटेंड.एक्सएमएल. खरे तर ही सोय शेकडो संगणक एकदम बसवणाऱ्या कंपन्यांसाठी केलेली. अंध वापरकर्त्याने ती एकट्याच्या संगणकासाठी वापरली. विंडोज १० च्या २०१७ मधल्या आवृत्तीपासून बसवतानाच कंट्रोल, विंडोज आणि एंटर ही तीन बटणे एकत्र दाबून नॅरेटर सुरू करता येतो, तेव्हा कुठे ही गरज कमी झाली.

मॅकवर व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर २००५ पासून सिस्टीमचाच भाग आहे. एप्रिल २००६ मध्ये ॲपलने बूट कॅम्प आणले आणि इंटेल मॅकवर विंडोज बसू लागली. सुरू होताना ऑप्शन बटण धरले की डिस्कची चित्रे दिसत, पण ती काही बोलत नसत. अंध वापरकर्त्यांनी त्या चित्रांकडे जाणेच टाळले. मॅकमध्ये असताना स्टार्टअप डिस्क या जागी जाऊन व्हॉइसओव्हरच्या मदतीने पुढच्या वेळी विंडोज असे ठरवायचे आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. विंडोजमधून परतताना बूट कॅम्पच्या कंट्रोल पॅनेलमध्ये उलट निवड करायची. २०२० च्या अखेरीस ॲपलच्या स्वतःच्या चिपचे मॅक आले आणि बूट कॅम्पचा काळ सरला.

सामान्य पीसीवर सर्वांत जास्त लोकांनी जे केले ते मात्र मोजणे. ग्रबची यादी पाठ करायची. पॉवरचे बटण दाबायचे, पंख्याचा आवाज स्थिरावेपर्यंत मनात आकडे म्हणायचे, मग खालचा बाण चार वेळा, एंटर, आणि विंडोजचा आवाज येतो का याची वाट बघायची. यादी बदलली नाही तोवर हे बिनबोभाट चाले. पण जुन्या ग्रबच्या यादीत लिनक्सचे नवे कर्नल आले की दोन नव्या ओळी वाढत, एक नेहमीची आणि एक दुरुस्तीची. तळाची विंडोज दोन पायऱ्या खाली सरके. काल चार वेळा बाण दाबून जिथे विंडोज होती तिथे आज एखादे जुने कर्नल असे. पुढच्या ग्रबने जुनी कर्नले एका पोटयादीत नेली आणि मोजणी टिकू लागली. मग २०२१ मध्ये ग्रब २.०६ ने संगणकावरच्या इतर सिस्टीम शोधण्याचे काम सुरक्षिततेसाठी मुळातच बंद ठेवले. त्यानंतर यादी नव्याने तयार झाली की पुष्कळ संगणकांवर विंडोजची ओळच नाहीशी झाली. डोळस वापरकर्त्याला ती दिसली नाही म्हणून कळले. मोजणाऱ्याला फक्त इतकेच कळले की एंटर दाबूनही हवा तो आवाज आला नाही.

ग्रबकडे या अडचणीवर एक छोटा इलाज फार वर्षे आहे. डेबियन आणि उबुंटूत डीफॉल्ट डिरेक्टरीतल्या ग्रब नावाच्या फाइलीत एक ओळ झाकून ठेवलेली असते, तिच्यात तीन आकडे असतात: ४८०, ४४० आणि १. पहिला आकडा चाल, दुसरा स्वराची कंपनसंख्या, तिसरा लांबी. ओळीच्या सुरुवातीचे चिन्ह काढून यादी नव्याने बनवली की ग्रब तयार होताच एक बीप वाजते. किती सेकंद थांबायचे हा अंदाज मग लागत नाही. यादीतल्या ओळींना स्वतंत्र अक्षर नेमता येते, विंडोजसाठी एक आणि लिनक्ससाठी एक, म्हणजे बाणांची मोजणीही सुटते. खंत एवढीच की ही बीप संगणकाच्या पोटातल्या जुन्या पीसी स्पीकरवर वाजते, आणि तो स्पीकरच नव्या लॅपटॉपवर नसतो.

बीपचा सर्वांत विचारपूर्वक उपयोग डेबियनने केला. डेबियनची बसवण्याची यादी तयार झाली की बीप देते, जुन्या बायोसवर एकदा आणि नव्या यूईएफआयवर दोनदा. ऐकणाऱ्याला आपण कुठल्या पद्धतीने सुरू झालो आहोत हेही समजते, आणि ड्युअल बूट करणाऱ्याला ते समजणे आवश्यकच असते, कारण दोन्ही सिस्टीम एकाच पद्धतीने बसलेल्या असल्या तर पुढचा त्रास वाचतो. बीपनंतर एस हे अक्षर आणि एंटर दाबला की सगळी स्थापना बोलत बोलत होते, पार्टिशनसकट. काहीच दाबले नाही तर ३० सेकंदांनी बोलणारी स्थापना आपोआप सुरू होते. इथे न बोलण्याचा अर्थच उलटा केला आहे. ज्याला पडदा दिसतो तो तेवढ्यात काहीतरी निवडणारच, ज्याला दिसत नाही त्याने नुसते थांबावे. यापेक्षा माणुसकीने केलेला बूट मेनू दुसरा सहज आठवत नाही.

चित्रमय लिनक्सला आवाज मिळाला तो ऑर्काचा. सन कंपनीत मार्क मलकाही यांनी सुरू केलेला हा स्क्रीन रीडर २००६ च्या ग्नोम २.१६ पासून डेस्कटॉपबरोबर येऊ लागला. उबुंटूत सुपर, ऑल्ट आणि एस दाबले की तो बोलतो. २००८ मध्ये उबुंटूने वुबी आणले. ते विंडोजच्या आतून, एनव्हीडीए बोलत असताना, एखाद्या साध्या प्रोग्रामसारखे उबुंटू बसवे. झिपस्पीकची कल्पना नव्या कपड्यांत आली होती, आणि पार्टिशन पुन्हा एकदा टळले होते. काही वर्षांनी ते मागे घेतले गेले. केरळात तयार झालेले ॲक्सेसिबल-कोकोनट हे उबुंटू माटेवर आधारलेले लिनक्स भारतीय अंध विद्यार्थ्यांना डोळ्यांपुढे ठेवून बांधलेले आहे.

मराठी वाचणाऱ्याला दोन सिस्टीम ठेवाव्या लागण्याचे एक खास कारण आहे. लिनक्सच्या अक्षरी पडद्याच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात. देवनागरीची जोडाक्षरे त्यात बसत नाहीत, आणि पडद्यावर न उमटलेले अक्षर बराच काळ ब्रेलवरही पोचत नसे. २०१८ मध्ये निकोलस पित्र यांनी व्हीसीएसयू नावाची नवी फाइल कर्नलमध्ये आणली. तिच्यातून अक्षराचा मूळ युनिकोड जसाच्या तसा मिळतो. पडद्यावर चौकोन दिसला तरी बीआरएलटीटीवायला तिथे क्ष आहे हे कळते. तोवर प्रोग्रामिंग इंग्रजीत लिनक्सच्या अक्षरी पडद्यावर आणि मराठी पत्रे, पुस्तके विंडोजवर किंवा ऑर्कात, अशी वाटणी करावी लागे.

यूईएफआय आल्यावर निवडीची सर्वांत खात्रीची पद्धत सापडली. मदरबोर्डच्या स्मृतीत पुढच्या एकाच वेळेपुरती कोणती सिस्टीम सुरू करायची याची नोंद ठेवता येते. तिला बूटनेक्स्ट म्हणतात. लिनक्समध्ये एफिबूटएमजीआर या आज्ञेने विंडोजचा क्रमांक त्यात लिहायचा आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. विंडोजमध्ये शिफ्ट धरून रीस्टार्ट निवडले की पर्यायांचा पडदा येतो, नॅरेटर तो वाचून दाखवतो. कित्येक जण लिनक्समधली ती आज्ञा एका छोट्या फाइलीत घालून डेस्कटॉपवर ठेवतात, नावावर एंटर दाबला की पुढचे सगळे होते. ज्या सिस्टीमला आवाज आहे तिच्यातूनच दुसरी निवडायची, हा विंडोज ९५ च्या काळचा आणि बूट कॅम्पचाच मार्ग. आता तो मदरबोर्डच्या पातळीवर आला. काही वेळा विंडोजचे मोठे अपडेट स्वतःला यादीत पहिल्या जागी नेते, मग लिनक्स हरवल्यासारखे वाटते. ते असते जागेवरच, क्रम तेवढा परत लावावा लागतो.

याहून अवघड प्रसंग विंडोजची डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरचा. सुरू होण्याच्या साखळीत काही बदल झाला, सिक्युअर बूट बंद केले किंवा नवा बूट लोडर पुढे आला, की कुलूपबंद विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते, आणि तो पडदा येतो तेव्हा नेहमीचा स्क्रीन रीडर सुरू झालेला नसतो. दुसरी सिस्टीम बसवण्याआधी ही की दुसरीकडे उतरवून ठेवणे किंवा कुलूप तात्पुरते थांबवणे, हे अनुभवी लोक नवख्याला सर्वांत आधी सांगतात. डेबियनमध्ये कुलूपबंद लिनक्सचा पासवर्ड विचारला जाण्याआधीच बीआरएलटीटीवाय सुरू करता येते, त्यामुळे ब्रेल डिस्प्ले असलेल्याला तो प्रश्न बोटांखाली वाचता येतो.

पडदा वाचायला फोन मदतीला आला तो २०१५ नंतर. डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या बी माय आइज या ॲपवर डोळस स्वयंसेवक व्हिडिओतून पडदा पाहून सांगतात. २०१७ चे सीइंग एआय हे ॲप छापील अक्षरे स्वतः वाचते. एका हाताने फोन पडद्यासमोर धरायचा, दुसऱ्याने बाण दाबायचा, आणि उजळलेली ओळ कोणती हे विचारायचे. बायोसच्या सेटिंगमध्ये शिरायला आजही बहुतेकांकडे हाच उपाय आहे.

काहींनी मग सुरू होतानाचा प्रश्नच पुसून टाकला. व्हीएमवेअर किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये दुसरी सिस्टीम खिडकीत चालते, पहिलीचा आवाज कायम राहतो. एकाच वेळी दोन स्क्रीन रीडर बोलू लागतात आणि कॅप्सलॉक किंवा इन्सर्ट बटणावरून त्यांची भांडणे होतात, ती मात्र आपल्याला सोडवावी लागतात. २०१६ मध्ये विंडोज १० ने लिनक्सची आज्ञारेषा स्वतःच्या आतच दिली. एनव्हीडीएने टर्मिनल वाचता येत असल्याने फक्त आज्ञांपुरते लिनक्स हवे असणाऱ्या बऱ्याच जणांचे काम त्यात भागते. ज्यांना ब्रेलवर अक्षरी पडदा, ऑर्का आणि पूर्ण ताकदीचे लिनक्स हवे, ते अजून डिस्कचे भाग पाडतात. हॅकिंटॉशसाठी, म्हणजे साध्या पीसीवर मॅकची सिस्टीम चालवण्यासाठी, लिहिलेल्या ओपनकोर या बूट लोडरमध्ये यादीच्या ओळी आवाजात वाचून दाखवायची सोय आहे, आणि यूईएफआयमध्ये साउंड कार्ड चालवणारा ड्रायव्हरही त्याच्यासोबत येतो. यूईएफआयच्या सामायिक नियमांत मात्र आवाजासाठी असे काही नाही, म्हणून दुकानातून आणलेल्या साध्या पीसीचा फर्मवेअर मेनू अजूनही गप्पच असतो.